हवा किती मारायची? आकडा गाडीच्या दारावरच आहे

पेट्रोल भरून गाडी हवेच्या मशीनपाशी लावली, की तिथला मुलगा पाईप ओढत येतो आणि विचारतो, "किती टाकू?" नव्याने गाडी घेतलेल्या माणसाची पंचाईत नेमकी इथे होते. मागे दोन गाड्या खोळंबलेल्या असतात, एकाने हॉर्नवर हात ठेवलेला असतो. मग आपण म्हणतो, "टाका नेहमीचं." आता त्याचं नेहमीचं म्हणजे काय? तो दिवसभर रिक्षापासून टेम्पोपर्यंत सगळ्यांना हवा मारतो. आपल्या गाडीला किती लागते हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही, आणि तो त्याचा दोषही नाही.

पहिली गाडी घेतल्यावर चौदा महिने मीही हेच केलं. कधी ३०, कधी ४०, आणि बऱ्याचदा दोन-दोन महिने काहीच नाही. मग एकदा स्टिअरिंग डावीकडे ओढतंय म्हणून गाडी अलाइनमेंटला, म्हणजे चाकं सरळ करून घ्यायला, नेली. तिथल्या कारागिराने गाडी लिफ्टवर घेतली, पुढच्या टायरवर मोबाईलचा उजेड धरला आणि मला जवळ बोलावलं. टायरच्या मधल्या पट्ट्यात नक्षी चांगली खोल होती, पण दोन्ही कडांवरून बोट फिरवलं तर अगदी गुळगुळीत. "ताई, हवा कमी ठेवून चालवलीये गाडी. दोन्ही खांदे गेलेत." २२ हजार किलोमीटरला पुढचे दोन्ही टायर बदलावे लागले.

त्या संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या काकांना विचारलं, "काका, तुम्ही किती हवा ठेवता?" ते म्हणाले, "माझा आकडा घेऊन तुला काय करायचंय? तुझ्या गाडीचं दार उघड आणि वाच."

तिथूनच सुरुवात करू.

पहिलं काम: दार उघडून आकडा वाचा

ड्रायव्हरच्या बाजूचं दार पूर्ण उघडा आणि खाली वाका. दार बंद होताना ज्या खांबाला लागतं, त्या खांबावर एक छोटा स्टिकर असतो. त्यावर टायरचं किंवा गाडीचं चित्र आणि पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे. काही गाड्यांत तो दाराच्या कडेवर चिकटवलेला असतो, काहींत पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. कुठेच नसेल तर गाडीबरोबर आलेली पुस्तिका काढा, त्यात तक्ता असतोच. जुनी गाडी घेतली असेल आणि पुस्तिका हरवली असेल, तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ती उतरवून घेता येते. फक्त मॉडेल, वर्ष आणि व्हेरिएंट, तिन्ही जुळवा.

व्हेरिएंट जुळवा असं मुद्दाम सांगते. एकाच मॉडेलच्या खालच्या व्हेरिएंटला १४ इंची चाकं असतात आणि वरच्या व्हेरिएंटला १५ किंवा १६ इंची. आकडेही वेगळे असू शकतात. म्हणून स्टिकरवर टायरचा साईझ छापलेला असतो. तो तुमच्या टायरवरच्या साईझशी ताडून बघा. समजा टायरवर "१६५/८० आर १४ ८५ टी" असं आहे. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के. १४ हा रिमचा व्यास, इंचात. ८५ हा भाराचा निर्देशांक, म्हणजे एक टायर जास्तीत जास्त ५१५ किलो पेलतो. टी म्हणजे टायर ताशी १९० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी बनवलेला आहे. साईझ जुळला, तर टायर कुठल्याही कंपनीचा असला तरी स्टिकरवरचा आकडाच चालतो. आधीच्या मालकाने हौसेने रुंद टायर आणि मोठी अलॉय बसवली असतील, तर मात्र स्टिकरवर विसंबू नका. टायरवरचा पूर्ण साईझ भाराच्या निर्देशांकासकट लिहून घ्या, चांगल्या टायरच्या दुकानात दाखवा आणि आकडा ठरवून घ्या.

आता आकडे कुठल्या मापात आहेत ते बघा. पुण्यात पंपावर सगळे पीएसआयमध्ये (एका चौरस इंचावर किती पौंडाचा दाब) बोलतात, पण स्टिकरवर पुष्कळदा आधी किलोपास्कल किंवा बार छापलेलं असतं. हिशोब सोपा आहे: १ बार म्हणजे १०० किलोपास्कल म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय. स्टिकरवर २२० असेल तर ते ३२ पीएसआय, २३० म्हणजे ३३, २४० म्हणजे ३५ आणि २५० म्हणजे ३६. काही जुन्या मीटरवर "किलो" असतं, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर किती किलोचा दाब. ते जवळजवळ बारइतकंच, १ किलो म्हणजे सव्वाचौदा पीएसआयच्या आसपास.

बऱ्याच स्टिकरवर आकड्यांच्या दोन ओळी असतात. एक दोन-तीन माणसांसाठी, दुसरी गाडी पूर्ण भरलेली असताना. माझ्या गाडीवर रोजच्यासाठी पुढे ३३, मागे ३३ आहे आणि पूर्ण भाराला मागे ३६. हा माझ्या गाडीचा आकडा. तुमचा वेगळा असेल, पुढचा आणि मागचाही वेगवेगळा असू शकेल. बहुतेक लहान-मध्यम गाड्या ३० ते ३६ च्या दरम्यान असतात, पण "दरम्यान" धरून चालायचं नाही. स्टिकरचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा. पंपावर खाली वाकून वाचत बसायला नको.

एक चूक फार जण करतात. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत "मॅक्स प्रेशर" असं लिहून पुढे ४४ किंवा ५१ पीएसआय दिलेलं असतं. तो टायर सोसू शकेल अशा दाबाची कमाल मर्यादा आहे. तुमच्या गाडीसाठीचा सल्ला तो नव्हे. टायर बनवणाऱ्याला त्याचा टायर कुठल्या गाडीला लागणार आहे हे माहीत नसतं. गाडीचं वजन, पुढे-मागे पडणारा भार, ब्रेक, सस्पेन्शन हे सगळं गाडी बनवणाऱ्याला माहीत असतं, म्हणून आकडा त्याचा घ्यायचा.

स्वतःचं गेज घ्या

पंपावरचा मीटर दिवसभर उन्हापावसात असतो, पाईप जमिनीवर आपटतो. काही मीटर चोख असतात, काही दोन-तीन पीएसआय इकडेतिकडे दाखवतात, आणि कुठला कसा आहे हे बघून कळत नाही. काही शे रुपयांत डिजिटल गेज, म्हणजे हवेचा दाब मोजायचं छोटं यंत्र, मिळतं. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळेल, ऑनलाइनही मिळेल. पेन्सिलसारखं गेजही चालतं, पण त्याची दांडी वाचायला जरा सवय लागते. महत्त्वाचं इतकंच, की प्रत्येक वेळी तेच गेज वापरा. म्हणजे कुठल्या टायरची हवा किती उतरली हे खात्रीने कळतं.

टायर गार असतानाच मोजा

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच्याकडेच होतं.

स्टिकरवरचा आकडा गार टायरचा असतो. गार म्हणजे गाडी निदान तीन तास उभी आहे, किंवा सावकाश चालवत दीड-दोन किलोमीटरपेक्षा लांब गेलेली नाही. गाडी चालली की टायर प्रत्येक फेऱ्यात जमिनीपाशी दबतो आणि पुन्हा फुगतो. या दबण्या-फुगण्याने रबर तापतं, आतली हवा तापते आणि दाब वाढतो. कोथरूडहून मगरपट्ट्याला जाऊन आलात आणि मग मोजलंत, तर आकडा तीन-चारने जास्त दिसेल. तुम्ही म्हणाल, हवा भरपूर आहे. सकाळी मोजलीत तर ती कमी निघेल.

बाहेरच्या तापमानाचाही असाच परिणाम होतो. ढोबळ हिशोब असा, की तापमान ६ अंशांनी बदललं की टायरचा दाब साधारण १ पीएसआयने बदलतो. पुण्यात एप्रिलच्या दुपारी पारा ३८-३९ ला टेकतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे १०-१२ पर्यंत उतरतो. म्हणजे नुसत्या हवामानाने चार-साडेचार पीएसआयचा फरक. त्यात कुठल्याही चांगल्या टायरमधून महिन्याला सुमारे १ पीएसआय हवा आपोआप झिरपते. दिवाळीआधी नीट भरलेले टायर संक्रांतीपर्यंत चार-पाच पीएसआयने खाली आलेले असतात, आणि नुसतं बघून ते अजिबात ओळखू येत नाही. हल्लीचे रेडियल टायर खाली तसेही थोडे फुगलेले दिसतात. लाथ मारून किंवा अंगठ्याने दाबून हवा तपासणारे लोक मी पाहिलेत. २६ आणि ३३ मधला फरक लाथेला कळत नाही.

म्हणून सकाळची वेळ. मी रविवारी सात-साडेसातला खाली उतरते. तेव्हा पार्किंगमध्ये गाडी धुणारे दादा आणि पेपरवाला सोडला तर कोणी नसतं. गाडी उघड्यावर उभी असेल तर ऊन यायच्या आत मोजा. एका बाजूला ऊन लागलेलं असेल तर त्या बाजूचे टायर एक-दोन पीएसआय जास्त दाखवतात आणि डोकं उगाच भंडावतं.

आता प्रत्यक्ष मोजायचं कसं. टायरपाशी उकिडवे बसा, व्हॉल्व्हची टोपी फिरवून काढा आणि लगेच खिशात टाका. जमिनीवर ठेवलेली टोपी गडगडत जाळीत जाते, हा अनुभव आहे. टोपीच्या आत काळी बारीक माती जमलेली असेल तर फुंकून काढा. गेजचं तोंड व्हॉल्व्हवर सरळ धरा आणि एका दमात दाबा. क्षणभर "फुस्स" आवाज येऊन थांबला तर बरोबर बसलं. "सुर्र" करत हवा निघतच राहिली तर गेज तिरकं आहे, काढून पुन्हा लावा. आकडा वाचा आणि एकदा परत मोजा. दोन्ही वेळा एकच किंवा अर्ध्या-एकाच्या फरकाने आला की तो लिहून घ्या: पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. टोपी परत लावा. ती फक्त शोभेला नाही. पुण्याची धूळ आणि पावसातला चिखल व्हॉल्व्हच्या पिनवर जाऊन बसला की पिन नीट बंद होत नाही आणि हवा हळूहळू गळत राहते.

चार टायरना मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत.

पंपावर गेल्यावर: वाढवायचा आकडा सांगा

इथे एक अडचण येते. मोजलं घरी, गार असताना. पण पंप चार किलोमीटरवर आहे, तिथे पोचेपर्यंत टायर तापणार. मग भरायचं किती?

उत्तर वजाबाकीत आहे, आणि हे मला काकांनीच शिकवलं. समजा घरी मागचं डावं टायर २९ आलं. हवे आहेत ३३. म्हणजे कमी आहेत ४. पंपावर पोचल्यावर त्याच टायरवर गेज लावा. आता ते तापून ३१ दाखवेल. या ३१ मध्ये ४ मिळवा, म्हणजे ३५ पर्यंत भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार टायर मोजा, ३३ च्या आसपास येईल. उलट तुम्ही पंपावर मीटर ३३ दाखवेपर्यंतच भरली असती, तर सकाळी ३१ आली असती आणि तुम्हाला वाटलं असतं, टायर गळतोय.

प्रत्येक टायरला किती कमी आहे ते चिठ्ठीवर लिहून न्या. पंपावरच्या मुलाला स्पष्ट सांगा, "दादा, या चाकात ३५ करा, त्या चाकात ३४." तो चारही चाकांना एकच आकडा लावून मोकळा होऊ पाहील. त्याला गर्दी आवरायची असते. पण शांतपणे सांगितलं तर ऐकतात, माझा तरी अनुभव चांगला आहे. आकडा लावायचं डिजिटल मशीन असेल तर आकडा लावा आणि बीप वाजेपर्यंत थांबा. भरून झाल्यावर आपल्या गेजने एकदा तपासा. जास्त झाली असेल तर व्हॉल्व्हमधली पिन नखाने किंवा गेजच्या मागच्या टोकाने हलकेच दाबून सोडता येते.

पेट्रोल पंपावर साधी हवा मोफत असते. तेल कंपन्यांच्या नियमांप्रमाणे प्रत्येक पंपाने ही सोय द्यायला हवी, त्यासाठी पेट्रोल भरलंच पाहिजे असंही नाही. हवा मारणाऱ्याला खुशीने दहा-वीस रुपये द्यायचे की नाही, हे आपलं आपण ठरवावं. मी देते, कारण तो दिवसभर वाकून उभा असतो.

नायट्रोजनबद्दल हमखास विचारलं जातं. आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजनमध्ये बाष्प नसतं आणि तो थोडा सावकाश झिरपतो, इतका फायदा खरा आहे. पण तापमानाने तोही तसाच वाढतो आणि कमी होतो, त्यामुळे मोजण्यातून सुटका नाही. नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये साधी हवा घातली तर काहीही बिघडत नाही. शहरात चालणाऱ्या गाडीसाठी मी त्यावर पैसे घालत नाही. नायट्रोजनचं मशीन मिळेना म्हणून कमी हवेवर गाडी चालवणं मात्र शुद्ध नुकसानीचं आहे.

पंप लांब असेल तर १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप घरी ठेवा. आवाज करतो, वेळ घेतो, पण मोजायचं आणि भरायचं दोन्ही गार टायरवर होतं. वजाबाकीची भानगडच राहत नाही.

"उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची"

हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. घरातली मोठी माणसं देतील, गॅरेजवाला देईल. हेतू चांगला असतो, पण सल्ला उलटा आहे. उन्हात हवा प्रसरण पावणार हे गाडी बनवणाऱ्याने आकडा ठरवतानाच धरलेलं असतं. हवा कमी ठेवली की टायरची बाजू जास्त दबते, जास्त दबली की जास्त तापते. टायर फुटतो तो बहुतेकदा या उष्णतेने, आतले धागे आणि रबर एकमेकांपासून सुटून. मे महिन्याची दुपार, भरलेली गाडी, ताशी १०० चा वेग आणि कमी हवा, याहून वाईट जुळणी नाही. उन्हाळ्यातही सकाळी, गार टायरवर, स्टिकरवरचाच आकडा.

पावसाळ्यात पकड वाढावी म्हणून हवा उतरवतात, तेही चुकीचंच. ओल्या रस्त्यावर टायरला पाणी बाजूला सारून जमिनीला टेकायचं असतं. कमी हवेचा टायर मध्ये आत दबतो, पाणी नीट कापत नाही आणि कमी वेगातच पाण्यावर तरंगू लागतो. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, तो हाच क्षण. पावसात पकड नक्षीच्या खोलीतून येते. नक्षीच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर बदलायचा, कायद्याने आणि जिवाच्या काळजीनेही.

आणि मायलेजसाठी पाच-सात पीएसआय जादा भरणारे. पेट्रोल थोडंफार वाचत असेल, पण टायर मध्येच फुगून राहतो, जमिनीला कमी टेकतो, ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं. शिवाय खड्ड्यात आदळला की धक्का पचवत नाही. पुण्यात खड्डे किती आहेत हे मी सांगायला नको.

लांब निघताना

रोज एकटे ऑफिसला जाता, पण गणपतीला पाच माणसं, दोन बॅगा, नारळाचं पोतं आणि मुलांची सायकल घेऊन ताम्हिणीतून कोकणात उतरता. तेव्हा स्टिकरवरची दुसरी ओळ वापरायची. निघायच्या दिवशी पहाटे, किंवा आदल्या दिवशी सकाळी गार टायर असताना पूर्ण भाराचा आकडा भरा. परत आल्यावर पुन्हा रोजच्या आकड्यावर या. नंतर सीएनजी बसवून घेतलेली असेल तर लक्षात ठेवा, डिकीतल्या सिलिंडरचं वजन साधारण एका माणसाइतकं असतं आणि ते कायम मागच्या चाकांवर असतं. मागे दोघं बसणार असतील तेव्हा मी अशा गाडीत भाराच्या ओळीकडेच झुकेन. कंपनीतून सीएनजी लागून आलेल्या गाडीवर तिचा वेगळा स्टिकर असतो, तो वाचा.

मुंबईला द्रुतगती महामार्गाने जाताना फूड मॉलवर थांबलात आणि सहज गेज लावलंत, तर ३३ भरलेला टायर ३७-३८ दाखवेल. घाबरून हवा सोडू नका. कोणी आपुलकीने "ताई, हवा जास्त झालीये, सोडून देऊ?" म्हणालं तरी नाही म्हणा. तापलेल्या टायरमधली हवा ३३ पर्यंत उतरवलीत, तर गार झाल्यावर तो २८-२९ ला येईल आणि परतीचा सगळा प्रवास कमी हवेवर होईल. ९४.५ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर गाड्या एका वेगात सलग धावतात, टायरला गार व्हायला उसंत मिळत नाही. म्हणूनच निघण्याआधीची पाच मिनिटं सोडू नका. गाडीबाहेर एक फेरी मारून टायरच्या बाजूही बघा. कुठे फुगा आला असेल, गुमडासारखा उंचवटा, तर आतले धागे तुटलेले असतात. तिथे हवेचा कुठलाच आकडा कामाचा नाही. तो टायर घेऊन महामार्गावर जाऊ नका.

काही जण विचारतात, पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, कोकण समुद्राकाठी, मग घाट उतरल्यावर हवा बदलायची का? खाली बाहेरच्या हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे गेजवर जेमतेम १ पीएसआय कमी दिसतं. तिथल्या उकाड्याने ते भरूनही निघतं. काही करायची गरज नाही.

दिवा आणि स्टेपनी

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत टायरमधला दाब बघणारी यंत्रणा येते. डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेसारख्या आकारात उद्गारचिन्ह लागलं, तर एखाद्या टायरची हवा बरीच उतरली आहे. "बरीच" हा शब्द लक्षात घ्या. काही यंत्रणा दाब वीस-पंचवीस टक्के घसरल्यावरच जागी होतात. म्हणजे ३३ चा टायर २५-२६ वर आल्यावर. दिवा नाही म्हणजे सगळं ठीक, असं नाही. काही गाड्यांत प्रत्येक चाकात सेन्सर असतो आणि आकडा दिसतो. काहींत फक्त चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून अंदाज बांधला जातो. दुसऱ्या प्रकारात हवा भरल्यावर ती रीसेट करावी लागते, आणि तेही चारही टायर गार असताना आणि आकडे बरोबर असताना. चुकीच्या हवेवर रीसेट केलंत तर ती चुकीलाच बरोबर मानते.

स्टेपनी मोजायला विसरू नका. डिकी रिकामी करून गालिचा उचलायचा कंटाळा येतो आणि वर्षभरानंतर पंक्चर झाल्यावर कळतं, की स्टेपनीत वीसच पीएसआय आहे. पूर्ण आकाराची स्टेपनी असेल तर स्टिकरवरचा सगळ्यात मोठा आकडा भरून ठेवा. वाटेत हवा सोडता येते, घालता येत नाही. अरुंद, छोटी स्टेपनी असेल तर तिच्या बाजूवर आकडा लिहिलेला असतो, बहुधा ६० पीएसआय. हा छापायचा घोळ नाही, तो तितकाच भरायचा. आणि तिच्यावर ताशी ८० च्या वर जायचं नाही. काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, पंक्चर काढायचं किट असतं. ते कुठे ठेवलंय हे आजच बघून ठेवा.

वही

दर पंधरा दिवसांनी मोजा. नाहीच जमलं तर महिन्यातून एकदा, आणि लांब निघताना हमखास. आकडे कुठेतरी लिहा. मी ग्लोव्ह बॉक्समध्ये पाठकोरी वही ठेवते: तारीख आणि चार आकडे. टायरवरून हातही फिरवते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधलाच पट्टा झिजला तर हवा जास्त, आणि एकच कड झिजली तर हवेचा दोष नाही, अलाइनमेंट करून घ्यायची.

गेल्या पावसाळ्यात वहीत मागच्या उजव्या टायरसमोर असे आकडे दिसले: ३३, ३१, मग ३३ करून पुन्हा २९. बाकीचे तिन्ही पंधरा दिवसांत अर्ध्यानेच उतरत होते. वर बघून काही दिसत नव्हतं. आधी व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडला, बुडबुडा नाही. म्हणजे पिन ठीक होती. मग पंक्चरवाल्याकडे गेले. त्याने चाक काढून टबात बुडवलं, हळूहळू फिरवलं आणि एका जागी थांबला. नक्षीच्या खाचेतून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर येत होते. पक्कडीने ओढून त्याने एक स्क्रू बाहेर काढला, डोकं झिजून चकचकीत झालेलं. आमच्या गल्लीत दोन इमारतींचं काम चालू आहे, तिथलाच असणार. प्लग बसवला, ३३ भरली. दोन दिवसांनी सकाळी मोजलं, ३३. पंधरा दिवसांनी साडेबत्तीस.